घरावरच्या छत्र्या

देवासच्या मीठा तलावाकाठी पवार घराण्यातील राजपुरुषांच्या छत्र्या उभ्या आहेत. दगडी खांब, वर घुमट, आत शांतता. माळव्यात हा ‘छत्री’ शब्द आता आणखी एका वस्तूस लावतात. दूरचित्रवाणीसाठी गच्चीवर जी पत्र्याची वाटोळी डिश बसविलेली असते, तिलाही इकडचे लोक छत्रीच म्हणतात. पहिली छत्री गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधावयाची. दुसरी, आकाशातून येणारा जिवंत शब्द झेलण्यासाठी उभारावयाची. परंतु धार आणि देवास येथील मराठी व कोकणी घरांच्या गच्च्यांवरून आज कोणी नजर फिरविली, तर ही दुसऱ्या प्रकारची छत्रीही पहिल्या प्रकारात जमा होत चालली आहे, असे त्यास दिसेल. तिच्यावर वाळवणाची दोरी बांधलेली आहे, तिच्या दांड्यास गंज चढला आहे, आणि तिची तार खिडकीशी तोडून सोडून दिलेली आहे. थोड्याच दिवसांत भंगारवाला येईल आणि वजनावर तिची किंमत करील.

आणि त्याच घरचा यजमान त्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात, ‘मातृभाषेचे रक्षण कसे होईल?’ या विषयावरील व्याख्यानास पहिल्या रांगेत बसून मान डोलावील.

या विसंगतीबद्दल आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते काहींस कडू लागतील. त्यास आमचा इलाज नाही. कारण हा कडूपणा आम्ही प्रथम स्वतः चाखलेला आहे, हे पुढे दिसेलच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. भाषा वार्षिक समारंभांनी टिकत नाही. ती रोज कानावर पडल्याने टिकते. मराठी व कोकणी रोज घरात ऐकू येण्याचे एक साधन आमच्या गच्चीवर आधीच उभे आहे. त्यास मासिक वर्गणी नाही, कोणाचा परवाना नाही, कोणाची मेहेरबानी नाही. असे असता ते गंजू द्यावयाचे आणि भाषा चालली म्हणून गळा काढावयाचा, हा शुद्ध दांभिकपणा होय.

प्रथम, आम्ही येथे कोण आहोत याचा विचार करू. अठराव्या शतकात पवार धारेस आले, तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवासची थोरली व धाकटी पाती उभी केली, आणि त्यांच्यामागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार व व्यापारी अशी मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. शिंद्यांच्या दौलतीत जिवबादादा बक्षींसारखे सारस्वत पुरुष गाजले. त्या ओघाने गोमंतकातील मंडळीही माळव्यात आली आणि आपले कुलदैवत मनात घेऊन आली. ज्या बाजीरावाच्या हातून पेशवाई गेली, त्या दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. देवासच्या टेकडीवर आजही तुळजाभवानीचा वास आहे. पवारांच्या दप्तरांत मोडी लिपीतील मराठी कागदांचे रुमाल होते. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात मिळाला. त्या दिवसापासून जी भाषा या गावांत दरबारी होती ती परराज्याची झाली. परराज्याची झाली हे खरे. पण परकी झाली काय? ते सरकारने ठरविलेले नाही. ते आमच्या घरांत ठरले, आणि आमच्याच मौनाने ठरले.

२०११ च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे १२ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. गणना करणाऱ्यास ‘मराठी’ असे उत्तर देणे सोपे असते. त्या रात्री जेवताना नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोललो, हे तो विचारीत नाही.

आता कायद्याची बाजू पाहू. ती आमच्या व्यवसायाची आहे म्हणून नव्हे, तर आपली सबब तेथेच प्रथम कोसळते म्हणून. राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने नागरिकांच्या कोणत्याही गटास आपली वेगळी भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठामार्फत असा निर्णय दिला की, भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्याराज्यागणिक पाहावयाचे. म्हणजे पुण्यात जो मराठी माणूस बहुसंख्य, तोच देवासात कायद्याने अल्पसंख्य ठरतो आणि त्या संरक्षणास पात्र होतो. त्याआधी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि भाषणस्वातंत्र्यात माहिती मिळविण्याचाही हक्क अंतर्भूत आहे. बोलण्याचा हक्क आणि ऐकण्याचा हक्क हे एकाच नाण्याचे दोन छाप होत.

परदेशांत तर लोक या ऐकण्याच्या हक्कासाठी घराबाहेर पडले आहेत. जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्की कुटुंबांनी आपल्या भाषेतील कार्यक्रमांसाठी भाड्याच्या घरांवर डिश बसविल्या. घरमालक अडवू लागले. तेथील घटना न्यायालयाने १९९४ साली असे ठरविले की, मायदेशाचे कार्यक्रम मिळविण्यातील परदेशीय भाडेकरूचे हितसंबंध घरमालकाच्या मालकीहक्काशी तोलून पाहिलेच पाहिजेत. त्याहून बोलका खटला स्वीडनमधला आहे. इराकी मूळच्या एका दांपत्याने अरबी व फारसी कार्यक्रमांसाठी डिश लाविली. घरमालकाने ती काढावयास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि तीन मुलांसह त्यांस घर सोडावे लागले. हा वाद स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, आणि १६ डिसेंबर २००८ रोजी त्या न्यायालयाने दांपत्याच्या बाजूने कौल दिला. आपल्या भाषेतील व आपल्या मूळ देशातील बातम्या मिळणे ही अशा कुटुंबास चैनीची गोष्ट नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता तुलना करा. त्या दांपत्याने छत्री ठेवली आणि घर सोडले. आम्ही घर ठेवले आहे आणि छत्री भंगारात देत आहो. आमच्यावर कोणी फिर्याद केलेली नाही, कोणी नोटीस बजावलेली नाही. आमचा प्रतिवादी आमचा आळस आहे, आणि त्याच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

“पण ती जुनी छत्री आता काय कामाची? कंपनीची वर्गणी बंद केली, पेटी बंद पडली,” असे पुष्कळ लोक म्हणतात. हे अज्ञान आहे, आणि ते दूर करणे सोपे आहे. डिश ही कोणत्याही कंपनीची बांधील नसते. ती केवळ आरसा आहे. आकाशातून आलेल्या लहरी गोळा करून पुढच्या लहानशा यंत्रावर, ज्यास एलएनबी म्हणतात त्यावर, एकवटणे एवढेच तिचे काम. बांधील असते ती खालची पेटी. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर हे उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतात आणि म्हणून जागच्या जागी स्थिर भासतात. दूरदर्शनची विनावर्गणी सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली व पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून येते. देवासातून वा धारेतून पाहता ती जागा आग्नेयेस येते. होकायंत्र घेतले तर उत्तरेपासून सुमारे १४० अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच. ज्यांची जुनी डिश ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे लाविलेली आहे, त्यांस ती पूर्वेकडे सुमारे २१ अंश वळवून किंचित खाली झुकवावी लागेल, इतकेच. मात्र या डिशचे तोंड डोळ्यांना दिसते त्यापेक्षा वर पाहत असते. आपण ती सरळ भिंतीकडे पाहते आहे असे समजतो आणि ती आकाशाकडे पाहत असते. म्हणून अंदाजाने नव्हे, तर पडद्यावरील संकेताची पट्टी पाहत, बोटभर बोटभर हलवून ती बसवावी. आग्नेयेस आंबा किंवा कडुनिंब वाढला असेल तर जागा बदलावी. तारेच्या जोडात पाणी शिरले असेल तर जोड नवा करावा. विनावर्गणी पेटी एकदाच विकत घ्यावी लागते. काही नव्या संचांत तर ती अंगभूतच असते.

एवढे केले की दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी घरात येते. आणि आमच्या कोकणी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे की, मार्च २०१९ मध्ये या सेवेत ज्या अकरा राज्यवाहिन्यांची भर पडली, तीत गोव्याची वाहिनीही होती. ज्या घरांनी शंभर वर्षांत मंगेशीचे दर्शन चार वेळा घेतले, त्या घरांत कोकणी शब्द रोज येऊ शकतो. खाजगी मराठी वाहिन्याही या सेवेवर असतात. पण त्यांच्या जागा लिलावाने ठरत असल्यामुळे त्या येतात आणि जातात. येथे वकील म्हणून एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ज्या वाहिन्या सशुल्क व कुलूपबंद आहेत, त्यांचे कुलूप युक्तीने उघडणे ही चोरी आहे, आणि मातृभाषेच्या नावाने केलेली चोरी ही चोरीच राहते. आम्ही सांगतो ते उघड्या दाराबद्दल.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, “आता मोबाईलवर सगळे मिळते, छत्री कशाला?” मिळते, हे खरे. परंतु मोबाईल एकट्याचा असतो आणि मागितले तेच देतो. मराठी ज्याला नकोशी झाली आहे, त्या मुलाचा मोबाईल त्यास मराठी कधीच ऐकविणार नाही. बैठकीतला संच मात्र घराचा असतो. आजी बातम्या ऐकत बसली की धडे करणाऱ्या नातवाच्या कानांवरही त्या पडतात. न मागता कानावर पडणे, हाच मातृभाषेचा खरा मार्ग आहे. आपण कोणीही मातृभाषा मागून घेतलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केला जातो. “माळव्यात राहावयाचे तर माळव्याचे व्हावे, मराठीचा अट्टहास कशाला?” आम्ही माळव्याचे आहोतच, आमची मराठीही माळव्याची आहे, हिंदीच्या शेजाराने गोड झालेली आहे, आणि मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी तिला हसावे यात आम्हांस लाज वाटत नाही. पण एक भाषा घेण्यासाठी दुसरी टाकावी लागते हा कोठला न्याय? १९४८ साली कुमार गंधर्व देवासला आले. जन्म बेळगाव जिल्ह्यातला, घरची भाषा कन्नड, संगीताचे शिक्षण मुंबईत. क्षयाने खिळलेल्या त्या माणसाने अंथरुणावर पडून माळवी बायकांची गाणी ऐकली, आणि पुढे तीच गाणी त्यांच्या गायनाचे धन झाली. १९९२ साली निधन होईपर्यंत ते देवासचे राहिले. माळवी त्यांनी कानाने मिळविली आणि मराठी श्रोत्यांसही ते पारखे झाले नाहीत. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावच्या लोकांनी एकाच कानात दोन भाषा मावत नाहीत असे म्हणू नये.

तिसरा आक्षेप देवळातून येतो आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका देवस्थानच्या विश्वस्त मंडळींपुढे आम्ही सूचना मांडली की, सभामंडपालगतच्या खोलीत एक संच ठेवावा, देवळाच्या गच्चीवर पडून असलेली जुनी छत्री दुरुस्त करावी, आणि सायंकाळी आरतीपूर्वी एक तास ज्येष्ठांनी व मुलांनी मराठी व कोकणी बातम्या एकत्र ऐकाव्या. सूचना हसण्यावारी गेली. “देवळात टीव्ही? उद्या सिनेमा मागाल!” त्याच सभेत भाषा-दिनाच्या फलकांसाठी आणि हारतुऱ्यांसाठी रक्कम मंजूर झाली. त्या रकमेत अशा किती पेट्या आल्या असत्या, याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो. तो आमचा दोष.

आज त्या मंडळींस आम्ही विचारतो: सभामंडप कशासाठी बांधला? कीर्तन, पुराण, प्रवचन यांसाठी. म्हणजे ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्या कानांवर त्यांच्याच भाषेत शब्द पडावा यासाठी. आज कीर्तनकार माळव्यात वर्षातून एकदा आला तर आला. उरलेले दिवस मंडप मुका असतो. त्यात शब्द येत असेल, तर तो कोणत्या वाटेने आला यापेक्षा कोणता आला हे पाहावे. काय लावावे आणि केव्हा बंद करावे हे विश्वस्तांनी ठरवावे. तेवढा अधिकार विश्वस्तांस नसेल तर कोणास असावा? आणि ही कल्पना नवीही नाही. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतात दूरचित्रवाणीचा जो शैक्षणिक प्रयोग झाला, तो सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. त्या सहा राज्यांत मध्यप्रदेशही होते. गावातील सार्वजनिक जागी एक संच, जाळीची एक मोठी छत्री, आणि तिच्यापुढे सारा गाव. पन्नास वर्षांपूर्वी खेड्यांनी जे केले, ते देवस्थानांस आज जड जावे काय?

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, तर कबुली म्हणून सांगतो. छत्री भाषा शिकवीत नाही. ती शब्द घरात आणते. उत्तर देणे आपल्या हाती आहे. सह्याद्रीवरचे कार्यक्रम नेहमीच उत्तम असतात असेही नाही. पुनरावृत्ती पुष्कळ असते. तरीही वेल्स देशातील लोकांनी आपल्या भाषेची एक वाहिनी मिळावी म्हणून काय केले हे आठवावे. १९८० साली ग्विनफर एव्हान्स या वयोवृद्ध नेत्याने त्यासाठी आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात ती वाहिनी सुरू झाली. तेथे एका माणसाने प्राण पणास लावण्याची तयारी दाखविली. येथे पाना घेऊन गच्चीवर चढावयाचे आहे.

आता ती वर म्हटलेली कडू गोष्ट. आमच्या आत्याबाई धारेस असतात. वय ऐंशीच्या पुढे. लग्न होऊन कोकणातून आल्या तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. आजही बेताचाच येतो. घरात मुलगा, सून, नातवंडे सर्व प्रेमळ. पण बोलणे हिंदीत. दोन वर्षांपूर्वी एका समारंभात आम्ही मातृभाषेवर पाऊण तास बोललो, टाळ्या घेतल्या, आणि परतताना त्यांच्याकडे गेलो. त्या संचापुढे बसल्या होत्या. पडद्यावर कसली तरी हिंदी मालिका चालली होती. आम्ही त्यांच्या नातवाशी बोलत बसलो, अर्थात हिंदीत. तो मुलगा हुशार, बोलका. मध्येच आत्याबाईंनी विचारले, “अरे, त्या सातच्या बातम्या आता लागत नाहीत का रे?” मुलाने वर्गणी बदलली तेव्हा मराठी वाहिन्या गेल्या होत्या. दीड वर्ष झाले होते. त्यांनी ते कोणास विचारले नव्हते. त्यांस वाटले, बातम्याच बंद झाल्या असतील.

त्या दीड वर्षात आम्ही त्या घरी पाच-सहा वेळा जेवलो होतो. गच्चीवर एक जुनी छत्री पडून आहे, हेही आम्हांस ठाऊक होते.

दुसऱ्या रविवारी एक माहितगार कारागीर घेऊन गेलो. अर्ध्या दिवसाचे काम. सातच्या ठोक्यास निवेदिकेचा आवाज आला तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत; पदर सावरून नीट बसल्या, घरी पाहुणा आल्यावर बसतात तशा. नातू पहिले काही दिवस कंटाळला. पुढे एकदा त्याने विचारले, “आजी, ‘अतिवृष्टी’ म्हणजे काय?” आत्याबाईंनी कोकणातला पाऊस सांगावयास सुरुवात केली, आणि ते सांगणे जेवणापर्यंत चालले. मराठीत. हा मोठा विजय आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते त्या एका शब्दाने झाले.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. या महिन्यात मातृभाषेवर एकही भाषण देऊ नका, एकही ऐकू नका. गच्चीवर जा. छत्रीवरची वाळवणाची दोरी सोडा, आग्नेयेकडे तोंड करा, आणि तिला कामास लावा. आपल्या घरी संच चालत असेल तर शेजारच्या वृद्धेकडे चौकशी करा; कदाचित तिलाही बातम्याच बंद झाल्या असे वाटत असेल. आणि विश्वस्तांनी पुढील सभेत ती सूचना पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यावी. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

मीठा तलावाकाठच्या छत्र्यांपुढे आपण हात जोडतो; त्या मृतांच्या आहेत आणि तेथे तेच योग्य आहे. घरावरच्या छत्रीपुढे हात जोडण्याची पाळी आणू नका.